फोनचं कुलूप

(तालुक्याच्या गावी भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या पोरींनो,

मला ‘घरातली हिंसा आणि मदतीचे मार्ग’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. कायद्याची कलमं मी सांगणारच आहे. पण मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत जे घडलं, तिथून सुरुवात करते. बैठक चालू असताना एकीचा मोबाइल वाजला. तिनं तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि मोठ्यानं म्हणाली, “हां, बैठकीतच हाय. ऐका, सगळ्याजणी हायत हितं.” पलीकडे नवरा होता. बायको खरंच बैठकीला गेली का, याची खातरजमा चालली होती. आम्ही हसलो, तीही हसली. मग एक जण म्हणाली, “आमच्या वेळी बरं होतं बाई, फोन भिंतीपाशी बसून होता. मागं मागं येत नव्हता.” त्यावर दुसरी म्हणाली, “आमच्या फोनला तर कुलूप होतं.”

झालं! बैठकीचा विषय बाजूला राहिला आणि दोन तास प्रत्येकीनं आपापल्या घरातल्या फोनची कहाणी सांगितली. त्या कहाण्या ऐकताना मला वाटलं की आज जे बोलायचं ते हेच आहे. नावं मी सांगणार नाही. तुम्हाला ती लागणारही नाहीत, कारण यातली एखादी गोष्ट तुमच्याच घरातली निघेल.

आधी थोडी माहिती सांगते. मुंबईत, कलकत्त्यात आणि मद्रासला टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली १८८२ साली. आपला जिल्हा निजामाच्या राजवटीतून सुटला १९४८ साली. तिथून पुढं कितीतरी वर्षं आपल्याकडे फोन म्हणजे कचेरी, पोलीस ठाणं, डॉक्टर आणि मोंढ्यातली आडत दुकानं. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि एक्सचेंजचा उलटा फोन येईपर्यंत वाट पाहत बसायचं. नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, देशात पहिल्यांदा आली १९६० साली, कानपूर आणि लखनौच्या मध्ये. खेड्यात फोन पोचायला मात्र आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. धूळ आणि ऊन सोसेल, थंड खोली लागणार नाही, असं छोटं एक्सचेंज तिनं खेड्यांसाठी बनवलं. मग गावागावात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले आणि नोकरदारांच्या, व्यापाऱ्यांच्या घरात फोन आला.

एक गंमत सांगते. जगातली पहिली बाई टेलिफोन ऑपरेटर अमेरिकेत बोस्टनला १८७८ साली कामाला लागली. एमा नट तिचं नाव. आधी या कामावर पोरं होती, ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत, म्हणून बाई आणली. पुढं जगभर एक्सचेंजमध्ये बायका बसल्या. म्हणजे साऱ्या जगाचं बोलणं जोडून द्यायला बाईचा आवाज चालला. पण घरात फोन आला तेव्हा तो बाईच्या हाती दिला का? टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आठवा. त्या जाडजूड पुस्तकात आपल्यापैकी किती जणींच्या आईचं नाव छापलेलं होतं? फोन घेतला की नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. बाई त्या पत्त्यावर राहायची, पण पुस्तकात नसायची.

आमच्या घरी केजला फोन आला १९९६ साली. मी तेव्हा तिसरीत होते. वडील शाळामास्तर. अर्ज करून किती वर्षं झाली ते तेही विसरले होते. लाइनमन आला, तार ओढली, बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर फोन ठेवला. आईनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणायला घेतला. रुमाल आईनं विणला, धूळ आईनं पुसली, फोन वाजला की हातातलं पीठ झटकत धावत आईच आली. पण नंबर फिरवायचा अण्णांनी. फोनशेजारी वही होती. कोणी, कुणाला, किती मिनिटं, ते लिहायचं. त्या वहीत आईच्या नावापुढं महिन्याला एखादी ओळ असायची. अण्णा वाईट नव्हते, कधी आवाज चढवला नाही. पण “काम असंल तरच फोन” हा नियम त्यांचा, आणि काम कशाला म्हणायचं तेही तेच ठरवायचे. मंडईतल्या दराची चौकशी हे काम. बहिणीला ‘जेवलीस का’ विचारणं म्हणजे चकाट्या.

आमचा फोन साऱ्या गल्लीचा होता. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी आमचा नंबर आपल्या नातेवाइकांना दिला होता. लग्नाच्या पत्रिकेवर, मुलीच्या माहितीच्या कागदावर आमचा नंबर आणि पुढं ‘पी.पी.’. फोन आला की, “दहा मिनिटांनी करा, बोलावते,” असं सांगून मला पिटाळायचे. मी अनवाणी धावत जायची. एखादी काकू ओल्या हातानं, पदर सावरत यायची आणि आमच्या बैठकीत, आमच्या सगळ्यांसमोर, आपल्या लेकीशी बोलायची. तिला रडायचं असेल तर? लेकीला काही विचारायचं असेल तर? ती नुसती “हां... हां... बरं... बरं हाय” म्हणायची, रिसीव्हर ठेवायची आणि आईकडं बघून म्हणायची, “मजेत हाय म्हणं.” लहान होते, पण ते ‘म्हणं’ माझ्या लक्षात राहिलं आहे.

आता कुलुपाची गोष्ट. आमच्या गटातल्या एक ताई आज साठीच्या पुढं आहेत. नव्वदच्या सुमाराला त्या बीडला मोठ्या घरात नांदत होत्या. घरात काळा, गोल तबकडीचा फोन. तबकडीच्या भोकात एक छोटं कुलूप लावायची पद्धत होती, तुमच्यातल्या मोठ्या बायकांना आठवत असेल. कुलूप असलं की तबकडी फिरत नाही. आलेला फोन घेता येतो, आपण करता येत नाही. किल्ली सासूच्या कनवटीला. या ताईंची बहीण बीडातच दिलेली होती. दोन-तीन गल्ल्या पलीकडं, पण सणाशिवाय भेट नाही.

एकदा फोन बिघडला आणि लाइनमन आला. किल्ली घेऊन सासू देवळात गेलेली. लाइनमन म्हणाला, “किल्ली कशाला लागती?” त्यानं रिसीव्हर उचलला आणि ज्यावर रिसीव्हर ठेवतो ती खुंटी बोटानं टकटक दाबली. तीन आकड्यासाठी तीनदा, पाचासाठी पाचदा, शून्यासाठी दहादा. मध्ये जरा थांबायचं. नंबर लागला! तबकडी फिरताना आत हेच घडतं, ठरावीक वेळा जोडणी तुटते, एवढीच त्यातली युक्ती. चहाचा कप हातात घेऊन दाराआड उभ्या असलेल्या ताईंनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलं, तेव्हा त्यांनी ते करून पाहिलं. पाचआकडी नंबर. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बहिणीच्या शेजारच्या घरी वाजला. त्यानंतर दोन वर्षं, आठवड्यातून एकदा, त्या कुलूप लावलेल्या फोनवरून बहिणीशी बोलत होत्या. बिल दोन महिन्यांनी यायचं, त्यात कुणाला फोन केला ते नसायचं, नुसते युनिटचे आकडे. सासरे दर खेपेला एक्सचेंजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचे, बिल फुगवतात म्हणून!

आम्ही पोट धरून हसलो. मग मी विचारलं, “ताई, एवढा जीव धोक्यात घालून काय बोलत होता?” त्या म्हणाल्या, “काही नाही गं. भाजी काय केली, पोराचा ताप उतरला का. पाच मिनटं कुणीतरी माझं नाव घेऊन बोलायचं. सासरी मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.”

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी थांबा. आपण हिंसा म्हटलं की मार शोधतो, वळ शोधतो. या बाईला कुणी हात लावला नव्हता. खायलाप्यायला कमी नव्हतं. फक्त तिच्या बोलण्याला कुलूप होतं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. ही मी पहिल्यांदाच अशी चारचौघींत सांगते आहे, ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून.

माझी धाकटी आत्या १९९८ साली दुसऱ्या तालुक्याच्या गावी दिली. घर पैशाचं, फोनवालं. आम्हाला वाटायचं, किती बरं, आत्याशी बोलता येईल! महिन्यातून एकदा तिचा फोन यायचा. मीच धावत जाऊन उचलायची. ती विचारायची, “शाळंत जातीस का? नंबर कितवा आला?” मग आईशी बोलायची. “इकडं सगळं बरं हाय वहिनी. मी मजेत हाय. काळजी करू नका.” दर वेळी हेच, याच क्रमानं, पाठ केल्यासारखं. अण्णा म्हणायचे, “रमली पोरगी.”

१९९९ च्या श्रावणात पंचमी जवळ आली होती. पंचमीला लेकी माहेरी आणायच्या, मुराळी पाठवायचा, ही आपली रीत. तिच्या सासरच्यांनी आधीच निरोप दिला होता की यंदा पाठवत नाही, घरात काम आहे. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. नेहमीसारखं, “सगळं बरं हाय.” आणि ठेवता ठेवता म्हणाली, “वहिनी, आपली शेळी व्याली का वो?”

आई म्हणाली, “शेळी?” तेवढ्यात फोन ठेवला गेला.

आमच्याकडं शेळी नव्हती. कधीच नव्हती. मी हसत सुटले की आत्याला येड लागलं. अण्णा म्हणाले, “चुकीचं ऐकलं असशील. लाइन खराब असती.” आई काही बोलली नाही. तिनं रात्रीचा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि झोपायच्या आधी अण्णांना सांगितलं, “सकाळच्या पहिल्या गाडीनं मी जातेय. तुम्ही येणार असाल तर या.” माझ्या आठवणीत आईनं अण्णांना विचारलं नाही, सांगितलं, ते पहिल्यांदा.

आत्या अंधाऱ्या खोलीत सापडली. हात सुजलेला, पाठीवर डाग. मोटारसायकलीच्या पैशासाठी चार महिने चाललं होतं. प्रत्येक फोनच्या वेळी नवरा शेजारी उभा असायचा आणि दुसऱ्या खोलीतल्या जोडफोनवर सासू कान लावून असायची. काय बोलायचं ते आधी पढवलेलं. फोन मुद्दाम करायला लावायचे, माहेरच्यांना संशय येऊ नये म्हणून. ज्या फोनचा आम्हाला आधार वाटत होता, तोच त्यांनी पडद्यासारखा वापरला. आईला जायला उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही. आपल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

आत्या परत आली. ४९८-अ कलम १९८३ सालीच आलं होतं, पण तक्रार नोंदवायला ती आणि आई किती खेपा घालत होत्या, ती वेगळी कहाणी आहे. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे. आणि मी एम.एस.डब्ल्यू. का केलं असं मला कुणी विचारलं की मी मनात म्हणते, शेळीमुळे.

फोन म्हणजे तेवढंच नव्हे. घरात येणारा फोन काय बातमी आणायचा तेही आठवा. बाळंतपणाचा फोन आला की पहिला प्रश्न, “पेढे का बर्फी?” मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. ‘बर्फी’ म्हटलं की पलीकडचा आवाज खाली यायचा. बोलणाऱ्याला वाटायचं यात काय एवढं, गंमत आहे. पण तीच गंमत मनात मुरत गेली. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली निघाल्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. हे आकडे दवाखान्यात घडतात तसे घरातल्या बोलण्यातही घडत असतात.

आणि ज्यांच्या घरी फोन नव्हताच त्यांचं काय? आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला लाखो माणसं बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एक कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर सहा-सहा महिने. लेकरं मागं आजीपाशी. एका बाईनं सांगितलं, “गावात एका दुकानात फोन होता. फडावरून कारखान्याच्या गावात जाऊन बूथवरून फोन करायचा तर एक दिवसाची मजुरी जायची. रात्री दर कमी असायचा, पण रातच्याला बाईमाणसानं कसं जावं? नवरा जायचा. येऊन सांगायचा, पोरगी बरी हाय. मला पोरीचा आवाज सहा महिने ऐकू नाही यायचा.” परत आल्यावर पोरीनं तिला ओळखलं नाही. आपण घरातल्या फोनच्या आठवणी सांगताना ही बाईही त्यात धरली पाहिजे. फोन असूनही बोलता न येणं आणि फोनच नसणं, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात, एकाच काळात होतं.

आज काय आहे? २००३ साली मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि बघता बघता तो प्रत्येक खिशात गेला. प्रत्येक खिशात म्हणजे पुरुषाच्या. बाईच्या कमरेला यायला वेळ लागला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनीच सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडं आहे. तबकडीचं कुलूप गेलं, पासवर्ड आला. तो नवऱ्याला माहीत पाहिजे, बायकोला त्याचा विचारायचा नाही. वहीतली नोंद गेली, ‘कॉल हिस्ट्री’ तपासणं आलं. जोडफोन गेला, रेकॉर्डिंग आलं. रिचार्ज संपला की तो मारायचा की नाही, हे कोण ठरवतं? नव्या सुनेचा मोबाइल पहिल्या आठवड्यात कपाटात का जातो? ऊसतोडीला जायच्या आधी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावून देतात, त्या पोरीच्या हातातून फोन पहिला का काढून घेतात? कारण ती १०९८ फिरवेल, ही त्यांनाही धास्ती आहे.

आता कायदा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्यात मारहाण आहे, तशीच शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक हिंसाही आहे. घरातल्या ज्या सोयी वापरायचा बाईला हक्क आहे, त्या वापरू न देणं, ही आर्थिक हिंसा धरली आहे. घराबाहेर पडू न देणं, अमक्याला भेटू न देणं, हे प्रकार तक्रारीच्या नमुन्यात लिहिलेले आहेत. म्हणून संरक्षण अधिकाऱ्याकडं घटना लिहून देताना ‘मारतो’ एवढंच लिहू नका. ‘माझा फोन काढून घेतला, माहेरी बोलू देत नाही, बोलताना शेजारी उभा राहतो,’ हेही तारखेनिशी लिहा. आणि या कायद्याच्या १८ व्या कलमाखाली कोर्ट असाही आदेश देऊ शकतं की त्या माणसानं बाईशी कुठल्याही मार्गानं, फोनवरूनसुद्धा, संपर्क साधायचा नाही. फोन करून धमकावणाऱ्याला थांबवता येतं.

नंबर पाठ करा, नुसते मोबाइलमध्ये साठवू नका. मोबाइल गेला की ते नंबरही गेले. पोलिसांची आणि तातडीची मदत ११२. महिला हेल्पलाइन १८१. मुलांसाठी १०९८. हा १०९८ सुरू झाला १९९६ साली, मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून. ज्या वर्षी आमच्या घरी फोन आला त्याच वर्षी. आम्हाला मात्र तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

आणि आता कार्यकर्त्या मैत्रिणींसाठी, माझ्या कामातून शिकलेल्या तीन गोष्टी.

एक, फोनवरच्या ‘बरं आहे’वर विश्वास ठेवू नका. पहिला प्रश्न विचारा, “शेजारी कुणी आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हण.” मग पुढचे सगळे प्रश्नही असेच विचारा, की तिला हो-नाहीत उत्तर देता येईल.

दोन, ज्या बाईची काळजी वाटते तिच्याशी आधीच एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. पीठ दळून आलं का, बांगड्या मिळाल्या का, काहीही. आत्याला तो ऐन वेळी सुचला आणि माझ्या आईला कळला. दर वेळी असं कळेलच असं नाही, म्हणून ठरवून ठेवायचा.

तीन, शब्द ऐकला की निघायचं. आईनं परत फोन करून “काय झालं गं?” असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो फोन नवऱ्यानं उचलला असता. ती पहिल्या गाडीनं गेली. लाइन खराब होती, चुकीचं ऐकलं, आपल्याला काय करायचंय, असं म्हणणारे घरात असतातच. आपण गटात सांगून, सोबत एक-दोघींना घेऊन, पोलिसांना कळवून निघायचं.

आमच्या घरातला तो फोन कधीच बंद पडला. कनेक्शन काढलं तेव्हा आईनं यंत्र मात्र दिलं नाही. कपाटावर आहे, अजून त्याच रुमालाखाली. मागच्या दिवाळीत आत्या आली होती. तिनं रुमाल काढला, रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि आईकडं बघून म्हणाली, “वहिनी, शेळी व्याली का?” दोघी हसल्या, खूप हसल्या, आणि मग दोघींनी एकाच पदरानं डोळे पुसले.

आता तुमच्यापैकी ज्यांना आपली गोष्ट सांगायची आहे त्यांनी पुढं या. माइक आहे, पण नको वाटला तर राहू द्या. आम्ही जवळ येऊन बसतो.